सर्वसमर्थ म्हणजे हुकमी नव्हे

"माझा इस्वास कमी पडला का रं बाबा?"

आत्याने हे विचारलं तेव्हा तिचा डावा पाय घोट्याच्या वर कापून नऊ दिवस झाले होते. नांदेडच्या एका दवाखान्यात खिडकीकडे तोंड करून ती पडली होती. पायाचं तिला तितकं दुःख दिसत नव्हतं. हिशेब चुकला कुठे, एवढंच ती शोधत होती.

आत्या वसमत तालुक्यातली. उभा जन्म हळदीच्या रानात गेला. हळद खणायची, शिजवायची, वाळत घालायची, पाऊस आला की धावत जाऊन गोळा करायची. बारा वर्षांपासून साखरेचा आजार. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. घरात फ्रीज नाही, म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. हे सगळं ती घड्याळ लावल्यासारखं करत होती. मग गावाजवळ चंगाईची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची, सभा झाली. वक्त्याने मंडपाला विचारलं, देवाला अशक्य असं काही आहे का? सगळे म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग तुमच्या पिशव्यांत गोळ्या कशाला? आत्याने त्याच रात्री गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली आणि बाटली उकिरड्यावर. दोन महिन्यांनी टाचेला बाभळीचा काटा लागला. जखम चिघळली. "आता डॉक्टरकडे गेले तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल," म्हणून तिने ती पदराआड लपवली. पुढचं सांगायची गरज नाही.

त्या वक्त्याचं नाव मी लिहिणार नाही. मंडप उठला, दुसऱ्या तालुक्यात लागला. एकाचं नाव घेऊन बाकीचे सुटतील असंही मला नको आहे. माझं भांडण त्या बोलण्याशी आहे आणि ते मला ख्रिस्ती माणूस म्हणून भांडायचं आहे. हिंगोली जिल्ह्यात आम्ही ख्रिस्ती मूठभर आहोत. बाहेरच्यांनी या सभांवर पुष्कळ टीका केली आहे, पण ती बहुतेक वेळा आमची श्रद्धाच खोटी ठरवून थांबते. माझी तक्रार उलट आहे. त्या मंडपात गोळ्यांच्याही आधी आमच्या श्रद्धेतला एक मोठा शब्द उकिरड्यावर गेला. तो शब्द म्हणजे 'सर्वसमर्थ'.

वक्त्याचं बोलणं तीन पायऱ्यांचं होतं. देवाला अशक्य काही नाही. म्हणजे तुमचा आजार तो आज, आत्ता, या मंडपात बरा करू शकतो. तरीही तुम्ही बरे झाला नाहीत तर अडचण त्याच्याकडे नाही, म्हणून ती तुमच्याकडे आहे.

पहिल्या दोन पायऱ्या मीही चढतो. देवाला आत्याची साखर एका श्वासात उतरवता आली असती, यावर माझा विश्वास आहे. घसरण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये आहे. तिथे 'करू शकतो' या शब्दांच्या जागी गुपचूप 'करणारच' हा शब्द येऊन बसतो. शक्य असणं वेगळं आणि ठरलेलं असणं वेगळं, हे शेतकऱ्याच्या घरातलं पोरही जाणतं. मृगात पाऊस पडू शकतो. म्हणून कोणी पेरणीआधी सावकाराला वायदा देत नाही. पण मंडपात लाऊडस्पीकर मोठा असतो, बाजूला पेटी-ढोलक चालू असते, आणि या दोन शब्दांमधलं अंतर कोणाला ऐकू येत नाही.

तिसऱ्या पायरीवर तर आणखी विचित्र गोष्ट घडते. ज्याला अमर्याद म्हणून सुरुवात केली त्याला आत्याच्या मनाच्या वाटीने मोजायला सुरुवात होते. तिचा विश्वास वाटीभर असेल तर देवाचं सामर्थ्य वाटीभर चालेल. अर्धी वाटी असेल तर अर्धं. असा देव अमर्याद कसला? तो तर एका थकलेल्या, निरक्षर, साठीच्या बाईच्या मनोबलावर अवलंबून आहे. देवाच्या सामर्थ्याला मर्यादा घालतात असा आरोप हे वक्ते आमच्यासारख्यांवर करतात. मर्यादा कोणी घातली ते वाचकांनीच पाहावं.

यावर त्यांचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. मार्कच्या शुभवर्तमानात नासरेथ गावी येशूला लोकांच्या अविश्वासामुळे फारशी अद्भुत कृत्यं करता आली नाहीत, असं लिहिलं आहे ना? लिहिलं आहे. पण तिथले लोक कोण होते ते आधी बघा. सुताराचा पोर म्हणून त्याला धुडकावणारे, त्याचं ऐकूनच न घेणारे. त्यांच्या रांगेत आत्याला उभं करायचं? ती तर सभेला सहा किलोमीटर चालत गेली होती. आणि त्याच गावात त्याने थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं, हेही तिथेच लिहिलं आहे. ते वाक्य मंडपात कधी वाचलं जात नाही. पुढे त्याच शुभवर्तमानात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूपुढे कबूल करतो की माझा विश्वास अर्धामुर्धा आहे, तूच सांभाळून घे. मुलगा बरा होतो. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या बाबतीत येशूने पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास. आणि चार दिवस कबरेत असलेल्या लाजारचा विश्वास किती वाटी होता, हे त्या वक्त्याने एकदा मोजून सांगावं.

आता त्या शब्दाकडे येतो. दर रविवारी आम्ही प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणतो. त्यात देवाबद्दलचं पहिलं विशेषण सर्वसमर्थ हे आहे, आणि त्याला लागूनच 'बाप' हा शब्द आहे. दोन शब्द जोडीने येतात. एक सोडून दुसरा घेता येत नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये यासाठी 'पँटोक्रॅटॉर' हा शब्द आहे. त्याचा धातू धरण्याचा, ताब्यात ठेवण्याचा आहे: सगळं धरून असणारा, ज्याच्या हातून काही निसटत नाही असा. वाटेल ते करून दाखवणारा, हा त्याचा पहिला अर्थ नाही. तो शब्द नव्या करारात दहा वेळा येतो आणि त्यातल्या नऊ वेळा प्रकटीकरणाच्या पुस्तकात. ते पुस्तक छळाखाली असलेल्या, मार खाणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेलं आहे. त्यांच्या अंगावरचे वळ गेले नव्हते. तरी त्यांना सांगितलं गेलं की सगळं ज्याच्या हातात आहे तो तुम्हाला विसरलेला नाही. आणि त्या पुस्तकात राजासनाच्या मधोमध योहानाला काय दिसतं? वधलेला कोकरा. अमर्याद सामर्थ्याच्या ठिकाणी जखमेची खूण.

आपल्या मराठवाड्याला हे समजायला जड जातं, याचंही कारण आहे. सामर्थ्य म्हणजे काय, हे आपण गढीवरून आणि कचेरीवरून शिकलो. हिंगोली म्हणजे निजामाच्या काळातली फौजेची छावणी. पुढे देशमुख, पाटील, रझाकार, मग तहसील. वरचा माणूस बोलला की खालचं काम होतं, हेच सामर्थ्य. आणि वरच्यापर्यंत पोहोचायचं तर वशिला लागतो. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, पण सामर्थ्याचं ते चित्र आपल्या डोक्यातून गेलं नाही. सभेतला वक्ता त्याच चित्रावर देवाला बसवतो: देव म्हणजे सगळ्यांत मोठा हाकिम, प्रार्थना म्हणजे अर्ज, विश्वास म्हणजे त्याला जोडायचं तिकीट, आणि वक्ता स्वतः वशिल्याचा माणूस. अर्ज नामंजूर झाला तर तिकीट कमी पडलं.

शुभवर्तमानात हुकमी चमत्काराची पहिली मागणी कोण करतो ते आठवा. सैतान. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर तो येशूला म्हणतो की तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. मग मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो, उडी टाक, देव झेलील. आणि तेव्हा सैतान शास्त्रातलं वचनच पुढे करतो! येशू नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नाही, असं त्याचं उत्तर आहे. मग शेवटी वधस्तंभाखालून जाणारे येणारे तीच मागणी पुन्हा करतात: खरा असशील तर उतर खाली. तो उतरत नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे ज्याने तारे मांडले, तो तीन खिळ्यांवर थांबला. या दोन मागण्यांच्या मध्ये सगळं शुभवर्तमान आहे. आजाऱ्याला "गोळ्या फेक, देव झेलील" असं सांगणारा माणूस त्यातल्या कोणाचं वाक्य बोलतो आहे, हे त्याने स्वतःशी एकदा तपासून बघावं अशी माझी विनंती आहे.

गेथशेमाने बागेत येशूने स्वतः काय केलं? बापाला सर्व शक्य आहे हे आधी म्हटलं. मग प्याला दूर व्हावा असं मागितलं. मग म्हटलं, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. प्याला दूर झाला नाही. तिसऱ्या पायरीचा हिशेब खरा धरला, तर पुत्राचाच विश्वास कमी पडला असं म्हणावं लागेल. म्हणायची हिंमत आहे कोणाची?

दानीएलाच्या पुस्तकातल्या तीन तरुणांचं उत्तर मला लहानपणी पाळकसाहेबांनी शिकवलं. भट्टीसमोर उभे राहून ते राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्या 'नाही सोडवलं तरी'मध्ये जो विश्वास आहे, तो आत्याकडे होता. पाय गेल्यावरही ती प्रार्थना करतच होती.

औषधाचं म्हणाल तर पवित्र शास्त्राइतका औषधाला अनुकूल ग्रंथ शोधून सापडणार नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला. देवाने यशया संदेष्ट्यामार्फत त्याला पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिल्याचं सांगितलं. देवाचा शब्द मिळाला, आता काय हवं? तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आधी वैद्यकी सोड मग माझ्याबरोबर ये, असं म्हणत नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिमाला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे जातो. ज्याच्या अंगावरचे रुमाल लावून लोक बरे होत होते, त्या पौलाचा सहकारी आजारी राहिला. आणि पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा? तीनदा मागूनही तो निघाला नाही. उत्तर आलं ते असं, की माझी शक्ती अशक्तपणातच पूर्णत्वाला येते. त्या मंडपात पौल आला असता तर त्याला मागच्या रांगेत बसवून विश्वास वाढवायला सांगितलं असतं.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर पौलापर्यंतही जायला नको. पंडिता रमाबाई आहेत. या सभांमध्ये रमाबाईंचं नाव आदराने घेतलं जातं, कारण १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची जागृती, झालं आणि जगभरचे लोक आजही त्याचे दाखले देतात. द्यावेत. पण मग रमाबाई पूर्ण सांगाव्यात. सोळाव्या वर्षाच्या आसपास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. बाप्तिस्मा त्याच वर्षी झाला. आणि वैद्यकीचं शिक्षण मात्र राहिलं, कारण कान जात चालले होते. बहिरेपणामुळे त्या डॉक्टर होऊ शकल्या नाहीत.

इथे थोडं थांबतो. विश्वास कशाला म्हणायचं हे महाराष्ट्राला दाखवणारी ही बाई. दुष्काळातून शेकडो मुली उचलून आणल्या, त्यांना वाचायला, शेती करायला, छापखाना चालवायला शिकवलं, उद्या धान्य कुठून येईल ते माहीत नसताना. तिचे कान बरे झाले नाहीत. तिने ते बरे होण्यासाठी प्रार्थना केली नसेल असं कोण म्हणेल? पण बहिऱ्या कानांनी तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. आयुष्याच्या शेवटापर्यंत ते चाललं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. पुढल्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ साली छापून आलं. विश्वास असेल तर आजार राहत नाही, हे वाक्य मुक्तीच्या आवारात, रमाबाईंच्या कबरेशी उभं राहून कोणी म्हणून दाखवावं.

आत्याला मी दवाखान्यात रमाबाईंची हीच गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तिला बी ऐकू येत नव्हतं व्हय?" आणि बराच वेळ काही बोलली नाही.

हिंगोलीत माझा एक शिक्षक मित्र आहे. पक्का बुद्धिवादी, अंधश्रद्धेविरुद्ध शाळाशाळांतून फिरणारा. आत्याची हकिकत ऐकून तो चिडला. ते बरोबरच होतं. पण पुढे म्हणाला, "मूळच कापा ना. सर्वशक्तिमान ही कल्पनाच पोकळ आहे. तुमचा देव स्वतःला उचलता येणार नाही असा दगड बनवू शकतो का? हो म्हणालास तरी अडकलास, नाही म्हणालास तरी अडकलास."

या मित्राबद्दल मला प्रेम आहे, पण हा दगड फार जुना आहे आणि त्यात वजन नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे: ज्या शब्दांत आपसातच विरोध आहे, त्यांनी कोणत्याही वस्तूचं वर्णन होत नाही, म्हणून ती वस्तू करता न येणं ही कमतरता नव्हे. आपल्याकडच्या नैयायिकांना हे समजवायलाच नको. वंध्यापुत्र आणि सशाचं शिंग हे दाखले त्यांनी कधीच देऊन ठेवलेत. 'सर्व उचलणाऱ्याला न उचलणारा दगड' हा शब्दांचा वंध्यापुत्र आहे. तो जन्मत नाही, यात सुईणीचा दोष नाही. शास्त्रही म्हणतं की देव खोटं बोलू शकत नाही, स्वतःला नाकारू शकत नाही. आई पोटच्या लेकराला विष घालू शकत नाही. हात आहेत, वाटी आहे, तरी शकत नाही. हा तिचा दुबळेपणा आहे का?

मित्राचा दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर मी हात झटकत नाही. देव सर्वसमर्थ आणि दयाळू, तर किल्लारीचा भूकंप कसा झाला? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं झोपेत दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यात कोणाचा विश्वास कमी पडला? येशूपुढे हाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती जास्त पापी होती का? त्याने साफ नाही म्हटलं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापांचं? तेव्हाही नाही. इतकं त्याने निश्चित सांगितलं. पण मग का, याचं कोष्टक त्याने दिलं नाही आणि मीही ते बनवून देणार नाही. मानवाच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद तत्त्वज्ञ करतात, त्यात तथ्य आहे. माणसाच्या क्रौर्याला तो लागू पडतो, भूकंपाला तितका पडत नाही. मी एवढंच म्हणू शकतो की आमचा देव हे दुःख लांबून बघणारा नाही. तो त्यात खाली उतरला आणि त्याने मार खाल्ला. नाझींच्या तुरुंगातून १९४४ साली डीट्रिख बॉनहॉफर या पाळकाने मित्राला लिहिलं की आपल्याला साहाय्य करू शकतो तो दुःख सोसणारा देवच. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. माझ्या शिक्षक मित्राला हे उत्तर वाटणार नाही. मला त्याच्याशिवाय दुसरा आधार नाही.

पण मित्र आणि वक्ता यांच्यात एक साम्य आहे. ते दोघांनाही आवडणार नाही. दोघांच्याही डोक्यात सामर्थ्याचं चित्र तेच आहे: बळ, जितकं जास्त तितकं, मागाल तेव्हा करून दाखवलेलं. एक म्हणतो असा देव आहे, दुसरा म्हणतो असा देव नाही. असा देव नाही, या बाबतीत मी मित्राच्या बाजूचा आहे.

कोणी म्हणेल, ही पुस्तकी चर्चा खेड्यात कशाला? मराठीत देवाधर्माचा वाद नेहमी उघड्यावर झालेला आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात आठवड्यामागून आठवडे वाद चालला आणि सामान्य माणसं वाळूत उभी राहून ऐकत होती. दोन्ही बाजू एकमेकांना उत्तरं देत होत्या. आजच्या मंडपात प्रश्न विचारायची सोयच नसते. आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला देवाच्या थोरपणाचा विचार नवा नाही. नरसी हे नामदेवांचं गाव. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबा खेचरांची औंढ्याची गोष्ट इथलं पोरही सांगतं: देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असं विसोबांनी नामदेवांना म्हटलं आणि तशी जागा सापडली नाही. मी त्या पंथाचा नाही, पण देव एका जागेला बांधता येत नाही हे त्या गोष्टीतलं सत्य मी मान खाली घालून ऐकतो. मंडपातल्या माईकला त्याला बांधणाऱ्यांनीही ऐकावं.

त्याच औंढा तालुक्यात सध्या लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली: सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळली आणि तीन सूर्यांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा लहर होऊन निघाली. ती पृथ्वीवर पोहोचली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळीत तिने केलेली हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाएवढी होती. ट्रक गेला तरी ती झाकली जाते, म्हणून अशा यंत्राला शांत जमीन लागते. विज्ञानाने देव सिद्ध होतो असं मी म्हणत नाही. शास्त्रज्ञांच्या कामावर माझ्या श्रद्धेचा शिक्का मारणं अप्रामाणिक होईल. पण ही बातमी वाचताना मला एलीया आठवला. होरेब डोंगरावर तो उभा होता. आधी खडक फोडणारा वारा आला, मग भूकंप, मग अग्नी. देव त्यात नव्हता. त्यानंतर एक शांत, मंद वाणी आली आणि एलीयाने झग्याने तोंड झाकून घेतलं.

भूकंप आम्हाला माहीत आहे. १० जुलै २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टरचा धक्का बसला, भांडी पडली, लोक अंगणात धावले. वसमतच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. त्या धक्क्यानंतर एका प्रार्थनेत मी "हे देवाचं सामर्थ्य बघा" असं ऐकलं. एलीयाची गोष्ट त्याच माणसाने आदल्या रविवारी वाचली होती.

साक्षींबद्दल एक सांगायचं राहिलं. सभेत साक्ष देणारे येतात: माझी गाठ गेली, माझं लेकरू चाललं. मी त्या सगळ्यांना खोटं म्हणत नाही. देव बरं करतो, हे मी मानतो. अवचित, न सांगता, कधी प्रार्थनेनंतर, कधी प्रार्थना न करणाऱ्यालाही. माझं म्हणणं आहे की बरं न झालेल्यांना माईक का मिळत नाही? आत्याला त्या मंडपात कुबड्यांवर उभं करून बोलू द्याल का? देवाच्या सामर्थ्याची साक्ष तिच्याकडेही आहे. तिचा पाय गेला, तरी देवावर राग नाही.

कायद्याचंही माहीत असावं. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. हळदीच्या आणि सोयाबीनच्या रानात साप दर पावसाळ्यात निघतात. प्रार्थना करा, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर करा.

आणि देवाचं सामर्थ्य महाराष्ट्रात कुठे दिसलं असं मला कोणी विचारलं, तर मी मिरजेचं नाव घेईन, जिथे १८९४ साली विल्यम वान्लेस यांनी रुग्णालय उघडलं. मी जामखेडचं नाव घेईन. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपं १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात गेलं. त्यांनी गावातल्या बायांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्या बाया बाळंतपणं करू लागल्या, कुष्ठरोग ओळखू लागल्या, मुलांच्या जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी देऊ लागल्या. पुढे १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आत्यासारख्या बाईच्या हातून गावातली बाळं वाचली, याहून सर्वसमर्थ बापाला शोभणारं काम मला सुचत नाही.

आत्या आता घरी आहे. सकाळी आधी इन्सुलिन, मग न्याहारी, मग प्रार्थना. आधी प्रार्थना करून बसली की न्याहारी लांबते, म्हणून हा क्रम मी लावून दिला. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दवाखान्यातच दिलं होतं आणि इथे पुन्हा लिहितो, कारण असे प्रश्न घेऊन पडलेल्या आणखी बाया या जिल्ह्यात आहेत. नाही आत्या, तुझा विश्वास कमी पडला नाही.

आणि सभा भरवणाऱ्या बंधूंनो, सलाम. पुढचं पत्रक छापाल तेव्हा तळाशी एक ओळ घाला, आणि प्रार्थनेआधी ती माईकवरून मोठ्याने वाचा: डॉक्टरांनी दिलेलं औषध कोणीही बंद करू नये.